विझलेल्या ठिपक्याची जागा

आज सकाळी तुटलेली वायर जोडताना सोल्डरिंगचा कडवट धूर नाकात गेला आणि मी मनानं थेट माझ्या गावी केजला, कासीमचाचांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पोचले.

कॉलेज नुकतंच संपलं होतं. "आठ दिवसांत काही करून दाखव, न्हाईतर तुला बघायला पाहुणे बोलावतो," असं माझ्या वडिलांनी, अण्णांनी बजावलं होतं. मी दुपारभर चाचांच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून, प्रोग्राम लिहून पडद्यावर जीव तयार करायचे. हिरवे ठिपके दाणे खायचे, वाढायचे, पिल्लं घालायचे. त्यांना मारायला मन धजत नव्हतं. त्यामुळे तासाभरात पडदा हिरवा गच्च भरायचा आणि सगळं थिजायचं.

चाचा छतावरच्या कबुतरांना दाणे टाकून खाली आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बघितलं.

"हे मरत न्हाईत का, पोरी?"

"नाही, चाचा."

"मग हलतील कुठं? जागाच न्हाई ठिवली तू."

मी चिडले, पण तिथंच बसून प्रत्येक ठिपक्याला मरायचं वय लिहून दिलं. थोड्या वेळानं एक ठिपका विझला, शेजारचा त्याच्या जागेत सरकला आणि अख्खा पडदा वाहू लागला. मी टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र विझलेल्या ठिपक्याची जागा बोटानं शोधत होते.

त्याच ठिपक्यांनी मला कलाकार केलं. उद्या नवं प्रदर्शन आहे. जीव तयार आहेत, फक्त त्यांच्या वयाचा आकडा भरायचाय. सकाळपासून चारदा उठले, चारदा बसले. माझं बोट त्या रिकाम्या चौकटीवर चाचांच्या बोटासारखं नुसतं फिरतंय.