युसूफचाचांचा जोड

हे मी आजवर घरीसुद्धा बोललो नाही : युसूफचाचांच्या वेल्डिंगला मी अहवालात सदोष म्हटलं, आणि ते खोटं होतं.

महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. "अब्बा गेले, भाऊ. तुमच्या गाडीचं सगळ्यांना सांगायचे. पेपरात चार ओळी लिहाल?"

खांडबाऱ्यात स्टेशनजवळ त्यांचं वर्कशॉप. वडिलांच्या ट्रॉलीचे दांडे जोडायला मी लहानपणापासून जायचो. पुढे मी इंजिनिअर म्हणून लागलो त्या संस्थेनं अंटार्क्टिकाच्या बर्फावर फिरणारी, बर्फाची जाडी मोजणारं यंत्र वाहणारी बिनमाणसाची गाडी करायला घेतली. आराखडा माझा होता. सांगाडा मी त्यांच्याकडे दिला. त्यांनी आधी दोन पट्ट्या जोडून तुकडा हातात ठेवला. "तोडी दखाड, इंजिनेर!" घण घालून घामाघूम झालो... पट्टी वाकली, जोड हलला नाही.

नंदुरबारच्या बर्फाच्या कारखान्यात आम्ही गाडी लाद्यांवर चालवून पाहिली. भर वैशाखात चाचा स्वेटर घालून उभे. "तुन्हामुळे हाई बी दखायनं, भाऊ!"

कडाक्याच्या थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं, हे मला ठाऊक होतं. योग्य पोलाद यायला वेळ लागणार होता, जहाज थांबणार नव्हतं. मी साधंच वापरलं आणि कुणाला सांगितलं नाही. तिकडे सांगाडा तडकला. फोटो आले, तेव्हा तडा जोडापासून दोन बोटं लांब, सरळ पट्टीतून गेलेला दिसत होता. मी लिहिलं, 'स्थानिक वेल्डिंग सदोष.' तेवढ्यावर चौकशी संपली. माझी बढती अडली नाही. पुढची गाडी पुण्यात झाली.

"मन्हा जोड कसा शे तठे?" चाचांनी विचारलं होतं.

"टिकना, चाचा."

हे एवढं मात्र खरं होतं.

"मंग दुसरी गाडी मन्हाकडे काबर नही उनी?"

ती लहान आहे, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी वेल्डिंगच्या मुखवट्याची काच डोळ्यांवर ओढली आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळले... पुन्हा कधी विचारलं नाही.

तो वाकलेला तुकडा माझ्या टेबलावर कागद दाबायला असतो. काल पुन्हा हातात घेऊन पाहिला. जोड शाबूत आहे.

शबानाला चार ओळी हव्या होत्या, त्या या. संस्थेला एक पत्र लिहायचं अजून बाकी आहे : जोड युसूफचाचांचा होता, तो टिकला, पोलाद मी निवडलं होतं.