दहा महिन्यांचं कूळ

पन्तग्लास नावाच्या शेतावरच्या तेग्वेन प्रॉसरचे हात चौसष्टाव्या वर्षी संपावर गेले. सकाळी बोटं मिटायची नाहीत, आणि मिटली तर उघडायची नाहीत. वयाच्या अकराव्या वर्षापासून तिनं गाईंची धार एकदाही चुकवली नव्हती. बापाला मूठमाती द्यायच्या दिवशीही आधी गोठा, मग काळे कपडे. लग्न केलं नाही. भाऊ इथेल जिवंत होता तोवर दोघांनी अठरा गाई सांभाळल्या. तो गेल्यावर दोन हिवाळे तिनं एकटीनं रेटले. शेवटी डॉक्टर म्हणाला, "गाई नाहीतर हात. काय ठेवायचं ते ठरवा."

गाई विकणं सोपं होतं. अवघड होता तो कोटा. वर्षाला किती लिटर दूध विकायचं ते सरकारनं प्रत्येक शेताला ठरवून दिलेलं. त्यावर गेलं की दंड. त्यामुळे ज्याच्या गाई तरुण आणि कोटा तोकडा, तो दुसऱ्याच्या कोट्यावर डोळा ठेवून असायचा. पण कोटा माणसाच्या नावानं नव्हता, तो जमिनीला चिकटलेला. नुसता उचलून कुणाला देता येत नसे.

"म्हणून रान दहा महिने खंडानं द्यायचं," ट्रेगारनच्या गुरांच्या बाजारातला दलाल एम्रिस प्यू तिला समजावत होता. "रानाबरोबर कोटा जातो. दहा महिन्यांनी रान परत येतं, कोटा मात्र कुळाकडेच राहतो."

"म्हणजे नवरी ठेवून घ्यायची आणि वऱ्हाड परत पाठवायचं."

"अगदी तस्सं!" एम्रिस हसला. "ओढ्याकाठचा चिखल देऊन टाक म्हणालो असतो, तिथं बेडूकसुद्धा विचार करून उतरतो. पण तेवढ्याशा तुकड्यावर इतकं दूध दाखवलं तर साहेब लोक हसतील. घरासमोरचं झऱ्याचं रानही घालावं लागेल. आणि ऐक, दहा महिने तुझं जनावर तिथं जायचं नाही. वहिवाट त्याची. कागदोपत्री तरी."

"कागदोपत्री कशाला? सही केली म्हणजे केली."

"तेग्वेन, सगळा जिल्हा हे असंच करतो. रान बघायला कोण येतंय?"

"जिल्ह्याचं जिल्हा बघून घेईल."

कूळ ठरलं ते डिल्विन रीस नावाचं, पेम्ब्रोककडचं, साठ मैलांवरचं. वय तिशीच्या आसपास, कान लाल, बोलणं मोजकं. त्याची बायको नेरिस मात्र चटपटीत. करारातली ओळन् ओळ तिनंच वाचली. मे महिन्यात सह्या झाल्या. त्याच आठवड्यात सतरा गाई गाडीत चढल्या. सेरेन तेवढी राहिली. कपाळावर चांदणी असलेली चौदा वर्षांची भाकड गाय. खाटकाशिवाय तिला घेणार कोण?

आता सेरेनला करारमदार कोण सांगणार! इतकी वर्षं रोज धार झाली की ती झऱ्याच्या रानात जायची. आताही निघाली. फाटकाची कडी नाकानं उचलायची कला तिला वासरू असल्यापासून येत होती. तेग्वेन तिला हाकलून आणायची, कडीला सुतळी बांधायची. दुसऱ्या दिवशी सुतळी चघळलेली आणि सेरेन गुडघाभर गवतात. "अगं, रान आपलं नाही आता," तेग्वेन तिच्या कानाशी ओरडायची. शेजारी कुंपणापलीकडून हसायचे.

जूनमध्ये एका दुपारी सरकारी खात्याचा तपासनीस आला. कोट्याचे व्यवहार फार वाढल्यामुळे खात्यानं काही शेतं प्रत्यक्ष पाहायची ठरवली होती. एम्रिसला कुणकुण लागली, तोही धापा टाकत पोहोचला. तिघं फाटकाशी उभे राहिले. रानाच्या मधोमध सेरेन बसली होती, डोळे मिटून, रवंथ करत.

"ही गाय कुणाची?" तपासनीसानं विचारलं.

एम्रिसनं घसा खाकरला. "बहुधा कुळाची अस—"

"माझी," तेग्वेन म्हणाली.

"कुळानं परवानगी दिलीय?"

"नाही. त्याला ठाऊकच नाही. फाटक उघडते ती."

तपासनीसानं लिहून घेतलं. रानाचा वापर मालकीणच करत असेल तर हा खंड खरा मानायचा की नाही ते वरिष्ठ ठरवतील, असं तो शांतपणे म्हणाला. मग त्यानं तिनं दिलेला चहा घेतला आणि गेला.

"बहुधा म्हणालो होतो मी," एम्रिस चिडून म्हणाला. "बहुधा! त्यात खोटं काय होतं?"

तेग्वेन आत गेली. तिला स्वतःची काळजी नव्हती. पण त्या पोरानं या कोट्याच्या भरवशावर गाई वाढवल्या होत्या. तिनं डिल्विनला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. मग डिल्विन एवढंच म्हणाला, "बरं, तेग्वेनबाई," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी पत्र आलं. टाइप केलेलं. "आम्ही खंडानं घेतलेल्या रानात आपली गाय वारंवार शिरून आमचं गवत खात आहे. हे आम्हाला मान्य नाही. फाटकाचा तातडीनं बंदोबस्त करावा, अन्यथा पुढील कारवाई करावी लागेल." खाली दोघांच्या सह्या.

तेग्वेननं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. चौसष्ट वर्षांत तिच्या गुरांबद्दल कुणी असा शब्द काढला नव्हता. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिनं साखळी आणून फाटक जखडलं आणि पत्र एम्रिसच्या पुढ्यात आपटलं.

एम्रिसनं वाचलं आणि टोपी टेबलावर फेकली. "अगं वेडे, याची प्रत खात्याला गेलीय, बघ खाली! जे गवत आपलं नाही त्यासाठी कोण भांडतं? यापेक्षा मोठा पुरावा नाही."

तसंच झालं. खंड खरा ठरला.

जुलैत डिल्विन स्वतः ट्रॅक्टर घेऊन गवत कापायला आला. तीन दिवस ऊन टिकलं. तेग्वेन लोणी लावलेले 'बारा ब्रिथ' या मनुकांच्या पावाचे काप आणि चहा घेऊन फाटकापर्यंत यायची, आत पाऊल टाकायची नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच.

"ते पत्र... खात्याला दाखवायलाच लिहिलं होतंत ना?"

डिल्विनचे कान आणखी लाल झाले. "नेरिसनं त्यासाठी लिहिलं." तो चहा ढवळत राहिला. "मला मात्र खरंच राग आला होता, तेग्वेनबाई. पहिल्या कापणीचं गवत होतं ते."

तिला बरं वाटलं. का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. "येणारच," ती म्हणाली. "मलाही आला असता. आणि घरात या आता, उभ्यानं काय खाताय!"

जानेवारीत सेरेन गेली. सकाळी गोठ्यात आडवी होती, उठलीच नाही. जमीन दगडासारखी गोठलेली. मऊ माती एकाच जागी मिळाली असती, झऱ्याच्या रानात, वरच्या बाजूला. कराराचे दोन महिने बाकी होते. तेग्वेननं पेम्ब्रोकला फोन लावला.

"सेरेन गेली. तिला झऱ्याच्या रानात पुरायला तुमची परवानगी—" ती म्हणाली.

डिल्विननं तिला पूर्ण करू दिलं नाही. "झऱ्यापासून लांब घ्या, पाणी खराब होईल. आणि तुम्ही फावडं उचलू नका. मी येतो." साठ मैल बर्फातून तो खोदायचं यंत्र घेऊन आला. काम झाल्यावर दोघं थोडा वेळ टोप्या काढून उभे राहिले. तेग्वेन फाटकाच्या आत आली होती.

मार्चअखेर मुदत संपली. कोटा पेम्ब्रोकला गेला, रान परत आलं. डिल्विननं ते पुढच्या वर्षीही घेतलं, नुसतं चाऱ्यासाठी. गवत चांगलं होतं, म्हणाला.

मे महिन्यात तेग्वेन समुद्रकाठच्या आबेराइरॉनला चुलतबहिणीकडे आठ दिवस राहायला गेली. दुसऱ्याच्या घरी झोपायची तिची ही पहिलीच वेळ. धारेच्या वेळेला, पाचला, जाग यायचीच.

"इतक्या पहाटे उठून करतेस काय?" बहिणीनं विचारलं.

"चहा," तेग्वेन म्हणाली. "मग समुद्र बघते. मग परत चहा."