मडक्यातलं सहा वर्षांचं बी

सामगोक गावात सुनेला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही. ज्या गावाहून आली, त्या गावाची ती. म्हणून जोमरे लग्नाच्या दिवसापासून उनसानवाली झाली आणि ऐंशीच्या घरात पोचली तरी उनसानवालीच राहिली.

सामगोकची भांग वाखासाठी, म्हणजे कापड विणायच्या सालीच्या धाग्यासाठी, लावायची. उंच, सरळ, करंगळीएवढी ताटं. ती फुलायच्या आत कापायची, नाहीतर वाख राठ होतो. बियाण्यापुरती थोडी झाडं बांधावर सोडायची आणि ते बी पुढच्या वसंतात पेरून टाकायचं. जुनं बी उगवत नाही, हे सगळ्यांचं मत.

उनसानवाली मात्र दर वर्षी ओंजळ-दोन ओंजळी बाजूला काढायची. सावलीत महिनाभर सुकवायची, दाताखाली कट् वाजलं तरच भरायची. चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून मडक्यात, तोंडाला मेणकागद, आणि मडकं ऊन न लागणाऱ्या उत्तरेच्या कोठीत.

"एवढं जपतेस, मला कधी जपलंस का?" नवरा मान्सू म्हणायचा.

"राखेत बसा, तुम्हालाही जपते."

पुढे मान्सूचं छातीचं दुखणं सुरू झालं आणि मडकं भरणं थांबलं. शेवटचं भरलं त्याला सहा वर्षं झाली होती, तेव्हा शरदातल्या वादळानं बांधावरची सगळी बियांची झाडं आडवी केली. दाणे चिखलात कुजले. बाहेरून आणलेल्या बियाण्याला फांद्याच फुटत, वाख निघेना. सामगोकची भांग आता त्या एका मडक्यात होती.

शेजारची बानवोलवाली अर्धं बी मागून घेऊन गेली. तिनं ते भिजवलं आणि घरातल्या सर्वांत उबदार जागी, चुलीकडच्या तापल्या जमिनीवर, रजईखाली ठेवलं. मानाच्या पाहुण्याला बसवतात तसं. चौथ्या दिवशी वास सुटला.

"वहिनी, माझी ऊबच नडली," ती दारात येऊन रडली.

"अगं, पाहुणे उकडून काढलेस तू!" उनसानवाली म्हणाली आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. "चल, उरलेलं आपण दोघी मिळून लावू."

बी गार पाण्यात टाकलं. तरंगलेलं काढलं, बुडालेलं रात्रभर ठेवलं. मग भांगेच्याच जुन्या ओल्या फडक्यात गुंडाळून थंड ओसरीवर. रोज सकाळी उघडून धुवायचं, पाणी निथळून पुन्हा बांधायचं. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी बानवोलवाली म्हणाली, "वहिनी, मेलं बहुतेक."

"तुझ्या सासूला लग्नानंतर दिवस राहायला किती वर्षं लागली? गप बस."

नवव्या दिवशी पांढरी मुळं दिसली. शंभरात बावीस. उनसानवालीनं ती बोटानं एकेक करून मातीत ठेवली.

पावसाळ्यात परसात तीनेकशे ताटं डोक्यावर गेली, सामगोकच्या चालीची, बारीक आणि सरळ. आणि इथेच खरा पेच पडला. त्या वर्षी अधिक महिना शरदात येणार होता. मेल्यावर अंगावर घालायचे कपडे गावच्या भांगेच्या कापडाचे, जिवंतपणीच शिवून ठेवायचे, आणि तेही अधिक महिन्यातच, अशी रीत. मान्सूचा अंगरखा, सदरा, मोजे तयार होते. विजारीचं कापड तेवढं राहिलं होतं. आता भांग कापली तर विजार होणार होती, पण बी मिळणार नव्हतं.

ती विळा घेऊन परसात उभी राहिली. मान्सू खोकत ओसरीवर आला.

"काय ठरवलंस?"

"पराग पडला की नर झाडं कापीन. त्यांच्या वाखात, राठ का होईना, विजारीचा एक पाय होईल."

"आणि दुसरा?"

"माद्या बियांना ठेवायच्या म्हणते. पण तुमची छाती..."

मान्सूनं झाडांकडे पाहिलं. हात लांबवून एक ताट बोटांनी मोजल्यासारखं चिमटीत धरलं.

"एका पायाची विजार घालून बाप-आज्यांपुढे जाऊ? हसतील मला. पुढचा अधिक महिना कधी?"

"तीन वर्षांनी."

"मग तीन वर्षं थांबावं लागणार," तो म्हणाला. "औषध दे, वेळ झाली."

उनसानवालीनं विळा खुंटीला अडकवला आणि औषध आणायला आत गेली.