खाणीवरचा सोनार

चिंचवडच्या कोंडीराम महामुनीला जगात दोनच गोष्टींचा आदर होता. एक सोनं, आणि दुसरा ते ओळखणारा स्वतःचा डोळा. बाकी सगळं त्याच्या लेखी कवडीमोल.

चीनच्या लढाईनंतर सरकारनं सुवर्णनियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायला बंदी आली आणि गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या, कोंडीरामचीही. पुढे कायदा सैल झाला, पण तोवर गिऱ्हाईक पुण्याच्या मोठ्या पेढ्यांवर जायला लागलं होतं. कोंडीराम पिंपरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात चिकटला. लोखंडी कड्या उचलायच्या, चांगली इकडं, वाईट तिकडं. दहा-अकरा वर्षं त्यानं हे काम नाक मुरडत केलं. "हे काय काम हाय?" तो म्हणायचा. "बैलसुद्धा करंल." शेजारी बसणाऱ्यांना हे ऐकून काय वाटत असेल याची त्याला फिकीर नव्हती. ती माणसं त्याच्या खिजगणतीतच नव्हती. आणि खरं सांगायचं तर खात्यात त्यालाही कोणी सोनार म्हणून ओळखत नव्हतं. तो नुसता कड्या बघणारा म्हातारा होता, आणि हीच गोष्ट त्याला आतून कुरतडत होती.

त्या वर्षी कंपनीची सहल म्हैसूर-उटीला निघाली. कोंडीराम येणार नव्हता. पण सुपरवायझर उद्धवराव मोठा मतलबी माणूस, त्याला बसमधल्या जागा भरायच्या होत्या. तो म्हणाला, "कोंडीरामशेठ, गुडलूरच्या पुढं जंगलात इंग्रजांच्या काळातली सोन्याची खाण आहे म्हणे. सोनारानंच कान टोचावेत. खाण खरी की खोटी, तुम्हीच सांगायचं." इतक्या वर्षांनी कोणी शेठ म्हटलं. कोंडीरामनं बायकोला, कस्तुराला, दोघांची पिशवी भरायला सांगितली.

खाण पाहून मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. आभाळ दिसू न देणारी झाडी, दुपारीसुद्धा दिवेलागणीसारखा अंधार, पानापानातून ठिबकणारं पाणी आणि पायांना चिकटणाऱ्या जळवा. त्या सगळ्यात डोंगराला पडलेलं एक भोक. तोंडाशी नेचे माजलेले, आतून वटवाघळांचा कुबट वास. बाहेर विलायतेहून आणलेलं दगड फोडायचं यंत्र गंजून मातीत रुतलेलं. कोंडीराम यंत्राकडे बघून खदाखदा हसला. "डोंगर पोखरून उंदीर काढला की रं गोऱ्यांनी! लोखंड बघायला इतक्या लांब आनलं व्हय? ते तर आपल्याकडं ढिगानं हाय." मंडळी हसली. कोंडीरामला बरं वाटलं. आज सगळी बस त्याच्या तोंडाकडे बघत होती.

खाणीच्या खाली ओढा होता. तिथं एक आदिवासी म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून लाकडी परातीत वाळू हिंदकळवत होती. कोंडीरामनं ते लांबूनच ओळखलं. चिंचवडला त्याच्या दुकानापुढची धूळ झाडून न्यायला, गटारातला गाळ धुऊन कणकण सोनं काढायला झारेकरी यायचे. त्यांना तो पायरीवरही बसू देत नसे. "झारेकरीणच की ही," तो म्हणाला. "जंगलातली."

म्हातारीनं माणसं बघितली, पाण्याबाहेर आली आणि कमरेची पानाची पुडी सोडून पुढे धरली. आत काळपट वाळूत मिसळलेले चार-दोन मळकट कण. बसचा ड्रायव्हर भैरू पूर्वी या बाजूला ट्रक घेऊन यायचा. त्याला तिची थोडी भाषा कळत होती. तो म्हणाला, "ही आठवड्याची कमाई हाय म्हनती. उद्या बाजारात देनार, मग तांदूळ घेनार. तुमी सोनार हाय असं मी सांगितलं, म्हनून बघायला दिलंय."

"बोला, शेठ," उद्धवराव म्हणाला. "सोनं का?"

कोंडीरामनं पुडी घेतली. आयुष्यभर त्यानं सराफाकडची शुद्ध लगड हाताळली होती. जमिनीतून आलेलं सोनं कसं दिसतं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. पण हे कबूल करायला तो कोंडीराम कसला! पुडीवर नजर टाकली न टाकली, आणि त्यानं हात झटकला. "ह्याला सोनं म्हनत्यात? अभ्रकाचा चुरा हाय. पिवळं दिसलं की येड्यांना सोनंच वाटतं." पुडी उलटी होऊन ओढ्यात पडली. मंडळी पुन्हा हसली.

म्हातारी हसली नाही. ती पाण्याकडे बघत राहिली.

कोंडीरामनं पुडीनं ओला झालेला हात धोतराला पुसायला घेतला, तर अंगठ्याच्या चिरेत एक कण अडकलेला. त्यानं सवयीनं नखानं दाबला. अभ्रक असता तर पापुद्रे सुटून भुगा झाला असता. हा कण मुकाट चपटा झाला आणि नखाखाली पिवळाजर्द उमटला. सोनं! चांगलं, मऊ, खरं सोनं! आणि ते त्यानं पाण्यात भिरकावलं होतं.

धोतरासकट तो ओढ्यात उतरला. ओंजळीनं वाळू उपसू लागला, तोंडापाशी धरून बघू लागला. कण कसला सापडतोय! "शेठ, बस सुटंल!" भैरू ओरडला. काठावरून कोणीतरी म्हणालं, "झारेकरी झाला की राव सोनार!" त्यावर सगळ्यात मोठ्यानं उद्धवराव हसला. कोंडीराम थंडीनं कापत होता. लाजेनं त्याला वर बघवत नव्हतं.

तेव्हा कस्तुरा पुढे आली. तिनं कानातली कुडी काढून म्हातारीच्या हातावर ठेवली. म्हातारीनं कुडी घेतली. दोन बोटांत फिरवली, उजेडाकडे धरली, तळहातावर उडवून वजन पाहिलं. मग कस्तुराचा हात ओढून कुडी तिच्याच मुठीत परत घातली आणि मूठ मिटवली. कोंडीरामकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला जरा बाजूला ढकलून ती त्याच जागी पाण्यात उभी राहिली आणि परात हिंदकळवू लागली.

कोंडीराम निथळत काठावर आला. "सोन्याची कुडी न्हाई म्हनली," तो पुटपुटला. "माज तरी बघ."

कस्तुरा कुडी कानात घालत होती. ती म्हणाली, "अहो, न्हाई म्हनायच्या आदी तिनं नीट बघितली तरी."