वाडीच्या भातगिरणीची दोन चाकं

मुळशी तालुक्यातल्या त्या चोरीची आठवण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. मुलांनो, तुम्ही दूर देशी वाढलात. आजीच्या पोलिसातल्या नोकरीत रोज गोळीबार होत असेल असं तुम्हाला वाटतं. बहुतेक दिवस फिर्याद लिहून घेण्यात आणि माणसांचं ऐकून घेण्यात जात. ही हकीगतही तशीच आहे. नावं मी मुद्दाम लिहीत नाही.

भरे गावापलीकडच्या एका वाडीत बायकांच्या बचत गटाने भातगिरणी सुरू केली होती. त्याआधी या बायका पहाटे टेंपोत बसून कंपन्यांत पॅकिंगला जात. ठेकेदार म्हणेल तेव्हा काम, नाहीतर घरी. गिरणीमुळे त्यांना वाडीतच रोजगार मिळाला. त्या वर्षी मारुंजीच्या गृहनिर्माण सोसायट्यांनी दिवाळीसाठी नव्या इंद्रायणी तांदळाची मागणी नोंदवली होती. आणि दसऱ्याच्या सकाळी गिरणीच्या यंत्राची दोन दातेरी चाकं नाहीशी झाल्याचं कळलं.

यंत्र जुनं विकत घेतलेलं. तशी चाकं बाजारात मिळत नव्हती. नवी घडवून घेईपर्यंत हंगाम संपला असता. गटाची अध्यक्षा फिर्याद द्यायला आली तेव्हा ठाणे अंमलदाराने विचारलं, "संशय कुणावर?"

"संशय घेत बसायला येळ कुटं हाय, साहेब? गिरणी बंद पडली तर आमी पुन्यांदा टेंपोत."

दुपारी नाक्यावरच्या चहावाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली. डोंगरावरच्या वस्तीतला एक कातकरी माणूस भल्या सकाळी गिरणीकडून पोतं घेऊन जाताना दिसला होता. त्याला चौकशीसाठी बोलावलं. अनवाणीच आला. घाबरला होता, पण उत्तरं सरळ देत होता.

"पोत्यात काय होतं?"

"कोंडा. बायाच देतात, मागल्या खिडकीतनं."

"आत गेला होतास?"

"आत मला कोन घेतंय? चाकं कशी असतात ती पन मी बगितली न्हाईत."

शिपायाने वस्तीवर जाऊन पाहिलं. पोत्यात कोंडाच निघाला. तेवढ्यावर माणूस निर्दोष ठरत नाही, म्हणून मी स्वतः गिरणीवर गेले.

दाराचं कुलूप शाबूत होतं. यंत्रावर खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू आणि झेंडूची माळ. ज्याने चाकं काढली, त्याने माळ आधी उतरवली होती आणि नंतर पुन्हा नीट घातली होती. हवालदार म्हणाला, "मॅडम, चोर लई देवभोळा दिसतोय."

बाहेरच्या ओट्यावर शेणाचं सारवण वाळलं होतं. त्यात खिडकीखाली चपलांच्या जोडीचा ठसा होता, शेजारी शेजारी, व्यवस्थित काढून ठेवल्यासारखा. मी अध्यक्षेला तो दाखवला.

"ती तर भाऊंची जागाच हाय की," ती म्हणाली. भाऊ म्हणजे गिरणी चालवणारा, तिची एक चावी जवळ बाळगणारा माणूस, वाडीतल्या जुन्या शेतकरी घरातला, पन्नाशीचा. चपला घालून धान्याजवळ जायचं नाही हा तिथला नियम, आणि प्रत्येकाची चपला काढायची जागा ठरलेली.

"ओटा कधी सारवला?"

"काल. पूजा झाली, समदी घरी गेली, मग आमी दोगींनी सारवला." म्हणजे ठसा ओल्या सारवणात, सगळे गेल्यावर पडला होता, हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. रोज तिथेच दिसणाऱ्या चपला; त्यांचा ठसा कुणाला खटकलाच नव्हता.

भाऊंनी जबाबात सांगितलं होतं की प्रसाद घेऊन आपण घरी गेलो ते सकाळीच आलो, आणि आरडाओरडा ऐकून अंगणातच थांबलो. मी त्यांना बोलावून घेतलं. "भाऊ, आत या. यंत्र कसं उघडतात ते दाखवा."

ते ओट्यावर चढले आणि सवयीने खिडकीखाली चपला काढल्या. त्या बरोबर ठशावर बसल्या. त्यांनी खाली पाहिलं, मग अध्यक्षेकडे.

"वहिनी," ते म्हणाले, "चाकं माज्या गोठ्यात हायेत. पेंढ्याखाली."

"भाऊ, तुमी? आवो, का पण?"

"तुमी दोन पोरींना मशीन शिकायला धाडनार, हे मला दुसऱ्याच्या तोंडनं कळलं. त्या शिकल्यावर माजं काय? कंपनीच्या गेटावर आदी वय इचारत्यात. वाटलं, चार दिस गिरणी बंद पडंल, तवा समद्यांना कळंल माज्याबिगर चालत न्हाई."

पंचांसमोर त्यांचं निवेदन नोंदवलं. चाकं त्यांनीच काढून दिली. आता ती मुद्देमाल झाली, म्हणजे न्यायालयाच्या हुकमापर्यंत ठाण्यात राहणार. अध्यक्षा कडाडली, "म्हंजी आमी भात दातानं सोलायचं का?"

तिचं बरोबर होतं. चोर सापडला, तरी हंगाम बुडणारच होता. मी चाकांचे फोटो काढून घेतले, गटाकडून ताब्यासाठी अर्ज करवला आणि आमची हरकत नसल्याचं न्यायालयाला लगेच कळवलं. मागाल तेव्हा हजर करू, या हमीवर चाकं परत मिळाली. डोंगरावरच्या माणसाला मी समक्ष सांगितलं की त्याच्यावर काही संशय नाही. तो अध्यक्षेकडे वळून म्हणाला, "मग आता कोंडा पुडच्या दारानं द्या." ती ओशाळून हसली आणि हो म्हणाली.

चाकं आली, पण ती बसवता येणारा माणूस जामिनावर घरी तोंड लपवून बसला होता. बायकांची बैठक तापली.

"चोराच्या हातात पुन्यांदा चावी द्यायची?"

"चावी न्हाई द्यायची," अध्यक्षा म्हणाली. "शिकवायला बसवायचा. आपलं बी चुकलं, आदी त्यांना इचारायला पायजे व्हतं."

पोलिसात आम्हाला शिकवतात, गुन्ह्यात फायदा कुणाचा ते शोधा. या प्रकरणात फायदा कुणाचाच नव्हता. तेव्हापासून मी दुसराही प्रश्न विचारू लागले, की भीती कुणाला होती? जिथे कामं मोजकीच असतात, तिथे हातातलं कसब माणूस कुलपात ठेवतो. गावात रोजगार आणायचा तर आधीच्या माणसाला त्यात पुढे जागा दिसली पाहिजे.

दिवाळीआधी मी मुद्देमालाची पाहणी करायला गेले, तेव्हा गिरणी धडधडत होती. दोन मुली कोंड्याने पांढऱ्याफटक झालेल्या आणि भाऊ त्यांच्यावर ओरडत होते, "पट्टा आवळ! आगं, लाजतीस काय त्याला!"

मी विचारलं, "भाऊ, आता भीती गेली का?"

"कुटली जातीया, म्याडम," ते म्हणाले. "पर ह्या दोगी तयार झाल्या की नांदे गावाच्या बाजूला दुसरी गिरणी काडू म्हनत्यात वहिनी. मग तितल्यांना शिकवायला कुनीतरी लागंल का न्हाई?"