वीतभर अपुरा जिना

साईटवर त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. सुपरवायझर म्हणून त्यानं सव्वीस वर्षं काढली होती. भिंत कुठे झुकलीय ते नुसत्या नजरेनं सांगायचा, आणि स्वतः कुणाच्या बापापुढे झुकायचा नाही.

त्याचा खरा आनंद कशात होता माहितेय? डिझाइनवाल्यांच्या चुका काढण्यात. पूर्वी ते लोक शहराच्या दुसऱ्या टोकाला बसत आणि तिथून ड्रॉइंग पाठवत. एखादा खांब दाराच्या मधोमध आला, की ओळंबा तो कागद घेऊन साईटभर मिरवायचा. "बघा रे, शिकलेली माणसं!" मग दोन्हीकडून पत्रापत्री, तू तू मी मी, आणि काम महिनाभर ठप्प. त्याला ते चालायचं.

मग साहेबांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. डिझाइनवाले आणि बांधकामवाले एकाच हॉलमध्ये, एकाच टेबलाशी बसवले. चूक झाली तर ती सगळ्यांची. आता बोट दाखवायचं कुणाकडे? त्यातून ओळंब्याच्या शेजारच्या खुर्चीत कोण, तर त्याच्या मुलीच्या वयाची आर्किटेक्ट! ती गवंड्याला बोलावून विचारायची, "दादा, इथे वीट नीट बसेल का हो?" आणि वीस वर्षं ओळंब्याला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारा तो गवंडी "मॅडम, मॅडम" करत तिच्या कॉम्प्युटरवर वाकायचा. ओळंब्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"अहो, तुम्हाला तिच्या चुका नाही खुपत, तिचं कौतुक खुपतं," बायकोनं एकदा जेवताना सुनावलं. "पोटात दुखतंय तुमच्या."

"माझ्या? हॅट्!" तो म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला.

दुखायला कारणही होतं. सध्या हॉस्पिटलचं काम चालू होतं. त्याच्या शेजारी हॉस्पिटलचीच दुसरी इमारत उभी राहायची होती, आणि तिची सगळी टीम साहेब एकाच माणसाच्या हातात देणार होते. नावं दोनच होती, त्याचं आणि तिचं. गुरुवारच्या आठवडी बैठकीत निकाल लागणार होता.

सोमवारी त्यानं तिनं काढलेला हॉस्पिटलचा जिना हॉलच्या मागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीनं आखला, पूर्ण मापात. ही त्याची जुनी खोड. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर दिसायचं, त्यामुळे त्याच्या रेघांना कुणी विचारत नसे. स्ट्रेचरएवढी फळी दोन मजुरांच्या हातात देऊन त्यानं त्यांना रेघांमधून चालवलं. वळणावर फळी अडली. वीतभर जागा कमी! लिफ्ट बंद पडली तर पेशंट तिथेच अडकणार. ओळंब्याला असा आनंद झाला की विचारू नका.

"कुणाला बोलायचं नाही," त्यानं मजुरांना बजावलं. रेघा पुसायला मात्र विसरला.

शुक्रवारी जिन्याच्या सळया बांधायच्या होत्या. मंगळवार गेला, बुधवार गेला. ती हातभर अंतरावर बसून काम करत होती आणि हा मूग गिळून गप्प होता. गुरुवारी साहेबांसमोर तिची कशी तंतरते, तेच चित्र त्याच्या डोळ्यांसमोर नाचत होतं.

गुरुवारी त्यानं घसा खाकरला, तेवढ्यात तीच बोलली. "साहेब, जिना बदललाय. वळणावर जागा वाढवलीय, नाहीतर स्ट्रेचर अडकलं असतं. माझी चूक. काकांनी शोधली."

"वा!" साहेब खूश झाले. "अशीच माणसं हवीत. चूक दिसली की लगेच शेजाऱ्याला सांगणारी. मग पुढच्या इमारतीचं ठरल्यातच जमा की, ओळंबा!"

 ओळंबा तिच्याकडे झुकून पुटपुटला, "तुला कोणी सांगितलं?"

"खिडकीतून रेघा दिसल्या. मंगळवारी जाऊन मोजल्या. मग तुमची वाट बघितली, काल संध्याकाळपर्यंत." ती कागदाकडेच बघत होती. "शेजारीच तर बसता ना काका."

गप्प बसला असता तर इमारत त्याची होती. सव्वीस वर्षांनी चालून आली होती.

"साहेब, मी नाही सांगितलं," तो उभा राहून म्हणाला. "सोमवारपासून ठाऊक होतं मला. हिची फजिती करायची होती."

 इमारत तिला मिळाली.

पुढच्या सोमवारी ती मागच्या जागेत स्वतः फक्की टाकत होती. नव्या इमारतीचा वॉर्ड आखत होती. रेघ वाकडी असणार या आशेनं ओळंबा तिकडे गेला आणि उकिडवा बसून एक डोळा मिटून बघायला लागला. सरळ होती. त्याच्यापेक्षाही सरळ. मेलं, पुन्हा पोटात दुखलं.

आणि मग त्याला दिसलं. वॉर्डाचं दार उघडलं की थेट पहिल्या खाटेवर आपटणार होतं. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. गुरुवारची बैठक अजून तीन दिवस लांब होती.

"अगं ए!" तो तिथूनच ओरडला. "दार बघ आधी!"