आक्काची शुगर

परवा बाळाला घेऊन आईबरोबर दवाखान्यात गेले होते. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं शुगर तपासायचीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गरोदरपणात माझी शुगर वाढली होती ना...

शुगर म्हटलं की आमच्या घरात सगळे गप्प होतात. कारण आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. तिलाही पोटुशी असताना शुगर निघाली होती. बाळ झाल्यावर आपोआप जाते, असं कुणीतरी सांगितलं आणि आम्ही निश्चिंत! नंतर परत तपासायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग काय, माहेरचं बाळंतपण... डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, वर तुपाची धार. आक्का चांगली भरली. "अंगी लागलं की गं पोरीच्या!" असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या आणि आई फुलून यायची.

आक्काला तहान फार लागायची, दमायचीही लवकर. बाळ अंगावर पितंय, होणारच... असं आम्हीच ठरवून टाकलं.

तेवढ्यात कोरोनाची दुसरी लाट आली. बाबा कागलच्या एमआयडीसीत कामाला जायचे, त्यामुळे सगळा घोर त्यांचाच. त्यांना ताप आला आणि उतरलाही. तिशीही न गाठलेली आक्का मात्र धापा टाकायला लागली. तरुण आहे, निघेल यातून, असं आम्ही धरून चाललो होतो.

दाखल करताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हिला आधीपासून शुगर आहे का? आई ठामपणे म्हणाली, "न्हाय!" खोटं बोलत नव्हती ती. गेली असंच तिला वाटत होतं. रक्त तपासलं तर शुगर भरमसाट... वाढलेलं वजन, शुगर आणि वर हा आजार. आक्का घरी परत आली नाही.

त्यानंतर आईनं लाडू वळलेच नाहीत. या वेळी माझ्या सासूबाईंनी हौसेनं डबा पाठवला, तर तो तिनं न उघडताच शेजारी देऊन टाकला. खरं सांगते, मला राग आला होता. आक्काचं नावही ती कधी काढायची नाही.

परवा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, घरात कुणाला शुगर होती का? मी बोलणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "व्हय. माझ्या थोरलीला हुती. कोरोनात गेली ती." जरा थांबून म्हणाली, "मी लाडू खायला घातलं म्हणून झालं काय वो बाई?"

इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन वावरत होती... आणि आम्हाला पत्ताच नाही.

बाईंनी तिचा हात धरला. नुसत्या लाडवांनी असं होत नाही, पण बाळंतपणानंतर तपासायला हवं होतं, म्हणाल्या. आई मान हलवत राहिली. तिचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. माझी शुगर अजून वरच आहे. मला रडू फुटलं. आई म्हणाली, "रडतीस कशाला? तुझी कळली तरी!" आणि स्वतः आत जाऊन कितीतरी वेळ बाहेर आली नाही.

मैत्रिणींनो, गरोदरपणात शुगर निघाली असेल तर नंतर तपासून घ्या. वयावर जाऊ नका... आक्काचं तसं झालं नसतं तर डॉक्टरांनी बजावूनही मी तपासणी टाळलीच असती; माझी वेळेत कळली ती आक्कामुळे. तिचे आभार कसे मानायचे, ते मात्र मला कळत नाही.